ड्रॉपर

चेकिंगच्या टेबलावर दोन ट्यूबलाइट लटकतात.
टॉवेल पसरायचा, तळहात फिरवायचा, बघायचं
कुठं ताणा तुटलाय, कुठं बाणा सुटलाय,
कुठं तेलाचा डाग.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये एकवीस वर्षं
मी हेच करतो.
मालक म्हणतो, शांतवनचा डोळा चुकत नाही.

त्या रात्री लाइट गेली.
अठ्ठावीस माग एकदम गप्प.
कान बधिर झाले,
आणि अंधारात एकच चौकोन उजळला
अंबादासच्या तळहातावर.
"बघ बे. आपल्याच भागातली हाय."
कांडी भरणाऱ्या पोराकडून जॉबरकडं,
जॉबरकडून माझ्याकडं,
हातातून हातात फोन आला, गरम.

काय होतं ते सांगणार नाही.
सांगितलं तर तुम्हीही बघाल.
एवढंच, की कुणी बघतंय
हे तिला माहीत नव्हतं.
मी नको म्हणालो नाही.
लाइट आली, माग पुन्हा खडखडायला लागले,
आणि टेबलाकडं परतणाऱ्यांत
मी शेवटचा होतो.

नव्या मागांना ड्रॉपर असतो.
एक धागा तुटला की पत्र्याची बारीक पट्टी पडते
आणि माग आपोआप थांबतो.
आमचे जुने. धागा तुटला तरी विणत राहतात,
वारभर, दोन वार,
कुणी धावत जाऊन बंद करेपर्यंत.
मला वाटायचं, माझ्यात ती पट्टी आहे.
बाप मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता.
बाई तपासायला आली की पडदा ओढून
भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा.
पडदा जाडजूड होता.
तरी उभा राहायचा.

रविवारी प्रभुभोजन होतं.
एप्रिल. देवळातले पंखे
गरम हवाच इकडून तिकडं ढकलत होते.
पलीकडं, बायकांच्या तिसऱ्या बाकावर, ती.
मांडीवर भावाचं पोर.
ते तिच्या ओढणीचं टोक चोखत होतं
आणि ती चोखू देत होती.
कोपराला शाईचा डाग, पायात अंगठा तुटलेली चप्पल.
एवढं सगळं त्या रात्री दिसलं नव्हतं.
तिनं मान वर केली
आणि माझ्याकडं बघून हसली,
नेहमीसारखी,
शांतवनकाका आहेत म्हणून.

तबक आलं.
बाकाबाकानं, हातातून हातात,
छोटे छोटे पेले एकमेकांना लागून किणकिणत.
मी ते धरलं
आणि तसंच पुढं दिलं.
पंच बनसोडे माझ्याकडं बघत राहिले.
बायकोनं घरी येईपर्यंत विचारलं नाही,
घरी आल्यावर भाकरी थापताना म्हणाली,
"पोट बरं नव्हतं का?"
मी होय म्हणालो. हे दुसरं.

सोमवारी अंबादासला म्हणालो, काढून टाक.
"तू तर बघितलास की!"
"होय. म्हणून सांगतोय."
तो हसला नाही. पुसलं त्यानं, माझ्यासमोर.
पण एका मागावरचा धागा जोडून काय होतं,
गावात माग किती.

तिची माफी मागितलेली नाही.
मागायची तर आधी सांगावं लागेल,
आणि मग ती देवळात
प्रत्येक काकाकडं बघेल
आणि विचार करेल.

प्रभू, डोळे काढून घेऊ नकोस,
पोट चालतं त्यांच्यावर.
चूक शोधायला शिकवलंस, आता
चुकीचं सापडल्यावर थांबायला शिकव.
पट्टी पडू दे. आवाज झाला तरी चालेल,
चार माणसांनी वळून पाहिलं तरी चालेल.

हल्ली लाइट गेली की मी शेडबाहेर येतो.
समोर बंद गिरणीचं धुराडं,
त्यातून काही निघत नाही.
आत कुणीतरी हसतं.
मी पाठमोरा उभा राहतो.
मान अवघडते.